सहाशे बारा नंबरची नोंद

सोमवार, ३ तारीख

आज रुजू झाले. वाचनालय बंद पडल्यापासून दीड वर्ष घरात बसून अंगाला गंज चढला होता, तो एका दिवसात खरवडून निघाला. पोटऱ्या भरून आल्यात, पण त्या दुखण्यातही मजा आहे.

नोकरी ताईच्याच हॉस्पिटलात. ताई तिसऱ्या मजल्याची मोठी सिस्टर, सव्वीस वर्षं झाली तिला तिथे. तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला. म्हणाली, पुस्तकांना नंबर घालत होतीस, आता खाटांना घाल, फरक काय! तशी ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालण्यापासून कॉलेजची फी भरण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. आता राहायलाही तिच्याकडेच आलेय. भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, मेव्हणीबाई, या घरात चहा करायचा मान रोज माझा असतो, तो तेवढा हिसकावू नका. नाही हिसकावत म्हटलं.

माझं खातं मालमत्तेचं. हॉस्पिटलातल्या प्रत्येक वस्तूवर बारकोडची चिकटपट्टी आहे: खाट, स्टूल, सलाइनचा स्टँड, पंखा. सगळ्या मिळून सात हजार चारशे आणि काही. हातातला स्कॅनर घेऊन खोलीखोलीत जायचं आणि काय कुठे आहे ते टिपायचं. आधी दाराच्या चौकटीवरची खोलीची पट्टी, मग आतल्या वस्तू. हा क्रम चुकला की आख्खी खोली भलत्याच जागी नोंदली जाते.

भाऊजींनी स्कॅनरचा फोटो बघितला आणि म्हणाले, म्हणजे आता घरात बंदूकधारी माणूस आहे तर. रात्री जेवताना तिघंही पोट धरून हसलो.

मंगळवार, ४ तारीख

संगणक विभागातल्या माणसाने आज दोन तास बसवून शिकवलं. त्याला सगळे 'वायरमामा' म्हणतात. गळ्यात कायम वायर असते, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी.

त्याने सांगितलेलं लिहून ठेवते. स्कॅनरची काच रोज सकाळी सुक्या मऊ कापडाने पुसायची. चिकटपट्टीवर प्रकाश समोरून मारायचा नाही, चकाकी येते. थोडा तिरपा धरायचा, वीतभर अंतरावरून. टुं असा आवाज आला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही, पडद्यावरचं नाव वाचायचं. शेजारच्या वस्तूची पट्टी वाचली गेली तरी तो टुं करतोच. फाटकी पट्टी बोटाने दाबून वाचायचा हट्ट धरायचा नाही, नवी लावायची. संध्याकाळी स्कॅनर खोबणीत ठेवला की दिवसभराच्या नोंदी संगणकात उतरतात, वेळेसकट.

आणि शेवटचं, हे सांगताना त्याने आवाज खाली आणला. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद करायची नाही. माझ्या आधी इथे होते त्यांना मास्तर म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी एक दिवस ते आलेच नाहीत, नंतर राजीनामा पोस्टाने आला. काय झालं होतं विचारलं तर वायरमामा म्हणाला, तुमच्या ताईंना विचारा.

ताईला विचारलं. ती म्हणाली, म्हातारा कंटाळला असेल.

गुरुवार, ६ तारीख

पहिला मजला दोन दिवसांत संपवला. तीनशे ऐंशी वस्तू, चूक एकही नाही. एका आजोबांनी विचारलं, बाई, माझ्यावर पण लावा की एक पट्टी, म्हणजे मुलांना मी कुठे आहे ते कळेल. हसले, आणि त्यांच्या खाटेची पट्टी पुन्हा एकदा तपासली.

संध्याकाळी नोंदी उतरवल्या तेव्हा एक जादा निघाली. सहाशे बारा नंबर. सक्शन मशीन म्हणजे रोग्याच्या घशातला कफ ओढून काढायचं यंत्र, चाकांवरचं. जागा: खोली अकरा. वेळ: दुपारी तीन वाजून चार मिनिटं. खोली अकरा मी दोन तेवीसलाच संपवली होती आणि तिथे सक्शन मशीन नव्हतं. तीन वाजून चार मिनिटांनी मी कँटीनमध्ये होते, स्कॅनर पिशवीत, पिशवी मांडीवर.

पिशवीत स्कॅनरचा घोडा दाबला गेला असेल म्हणावं, तर पिशवीत वाचण्यासारखं काय होतं?

शुक्रवार, ७ तारीख

वायरमामा म्हणाला, जुनी नोंद स्मृतीत राहिली असेल. त्याने ती माझ्यासमोर कोरी केली. बॅटरी बदलली, घड्याळ जुळवलं.

आज पुन्हा सहाशे बारा. खोली सतरा. माझ्यानंतर सव्वीस मिनिटांनी.

आणखी एक. सतरा नंबरच्या सिस्टरने मला जिन्यात थांबवून झापलं. मोजणी झाली की कपाटं बंद करून जात चला, खाटा भिंतीपासून ओढून ठेवता त्या परत कोण लावणार? मी कपाट उघडलं नव्हतं. खाटेला तर हातही लावला नव्हता. तरी सॉरी म्हणून मोकळी झाले. नवीन माणसाने वाद कशाला घालायचा!

सोमवार, १० तारीख

स्कॅनर बदलून घेतला. कोरा करकरीत, खोक्यातून काढलेला.

खोली बावीस. सहाशे बारा. बारा मिनिटांनी.

म्हणजे यंत्राचा दोष नाही. तक्ता करून बघितला: एकेचाळीस मिनिटं, सव्वीस, बारा. अंतर कमी होतंय. खोल्या त्याच क्रमाने, ज्या क्रमाने मी फिरते. आणि प्रत्येक खोलीतून तक्रार: पडदे सरकवलेले, कपाटं उघडी, खाटेखालची भांडी बाहेर. कोणीतरी माझ्या मागून येतं आणि काहीतरी शोधतं.

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, उंदीर असतील. मग स्वतःच म्हणाले, खाट ओढणारा उंदीर असला तर त्यालाच नोकरीला ठेवायला हवं. मला हसू आलं नाही. ताई ताटातला भात चिवडत होती. तिने फक्त नंबर विचारला. मी सांगितला. ती पाणी आणायला म्हणून उठली ती परत आली नाही, तशीच झोपायला गेली.

मंगळवार, ११ तारीख

लिफ्टवाले काका बोलले. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी नंबर सांगितल्यावर त्यांनी दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट थांबवली.

तिसऱ्या मजल्यावर एक मावशी होती, साफसफाईला. हसरी, तोंडाची फटकळ. चार महिन्यांपूर्वी खोली एकतीसमधल्या एका बाईच्या घशात अडकलं, श्वास कोंडला. मावशीला सक्शन मशीन आणायला पिटाळलं. नोंदीप्रमाणे ते शेजारच्या कोठीत होतं. मावशी गेली, तिथे नव्हतं. ती सगळा मजला पळाली. खालच्या मजल्यावरचं मशीन येईपर्यंत ती बाई गेली.

चौकशी झाली. नोंद सांगत होती, त्याच सकाळी नऊला मशीन कोठीत बघितलं. म्हणजे नंतर कोणीतरी हलवलं. कोठीची किल्ली मावशीकडे. तिला सांगितलं, विकलं असशील तर कबूल कर, नाहीतर शोधून आण. नऊ दिवस ती खोलीखोलीत शोधत होती. रोग्यांच्या खाटा ओढून बघायची. दहाव्या दिवशी सकाळी पावणेबाराला, भर गर्दीत, रॅम्पवर खाली बसली. लोकांना वाटलं दम खातेय. बाजूने स्ट्रेचर जात-येत होते. तासाभराने कोणीतरी हलवलं तेव्हा अंग गार पडलं होतं.

काकांनी लिफ्ट चालू केली. म्हणाले, ती चोर नव्हती हो. माझ्या डब्यातलं पण विचारून घ्यायची.

बुधवार, १२ तारीख

मास्तरांचा खण आज उघडला. जुन्या पावत्यांच्या खाली एक मोठा पुठ्ठा. त्यावर तिसऱ्या मजल्याच्या सगळ्या पट्ट्यांच्या नकला, ओळीत, खोलीवार चिकटवलेल्या. दारांच्या पट्ट्याही. म्हणजे खुर्चीत बसून, चहा पीत, अर्ध्या तासात मजला संपत होता. टुं, टुं, टुं.

सहाशे बारा तिसऱ्या ओळीत आहे. त्या सकाळी नऊला मास्तरांनी मशीन बघितलं नव्हतं. पुठ्ठा बघितला होता.

पुठ्ठ्याच्या मागे दर महिन्याच्या पडताळणीच्या सह्या. 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' सही ताईची आहे.

गुरुवार, १३ तारीख

तिसरा मजला आज सुरू करायचा होता. खोली एकोणतीस केली. बाहेर पडले तर मागे चाकांचा आवाज. एक चाक अडकत होतं, दर फेऱ्याला खट्. वळून बघितलं, सरळ मोकळा कॉरिडॉर, खिडक्यांतून ऊन. दोन सिस्टर समोरून बोलत आल्या आणि काही ऐकू न आल्यासारख्या पुढे गेल्या.

मी खाली पळाले. आणि मग जे केलं ते लिहायची लाज वाटते. दार लावून पुठ्ठा काढला आणि उरलेला मजला त्यावरून संपवला. बावीस मिनिटं लागली. किती सोपं आहे!

जेवून आले तर माझ्या खोलीतली दोन्ही कपाटं सताड उघडी. खण उपसून टेबलावर पालथे. खुर्ची भिंतीपासून ओढलेली. नोंद: सहाशे बारा, मालमत्ता विभाग, माझ्यानंतर एका मिनिटाने.

शुक्रवार, १४ तारीख

रजा. ताई माझ्याशी बोलत नाही, मी तिच्याशी.

रात्रभर विचार केला. मावशी मला त्रास देत नाहीये. ती शोधतेय. ते यंत्र एकदा खरोखर सापडलं तर सुटेल बिचारी.

सोमवार, १७ तारीख

सापडलं.

तळघरात, मोडीत काढलेल्या सामानाच्या खोलीत, गंजलेल्या खाटांच्या मागे. दुरुस्तीला म्हणून कोणीतरी खाली आणलेलं, चिठ्ठीवर तारीख त्या बाईच्या मृत्यूच्या दीड महिना आधीची. आणि सगळा काळ ते नोंदीत वर कोठीत उभं होतं, दर महिन्याला ताईच्या सहीने. एक चाक वाकडं आहे. पट्टी अर्धी फाटलेली, पण वाचता येते.

मी स्कॅनर उचलला आणि थांबले. ताईला आधी सांगावं असं वाटलं. तिला खाली बोलावलं.

ती मशीन बघून खाटेच्या सांगाड्यावरच बसली. रडली. म्हणाली, मास्तर कागद पुढे करायचा, माझ्या मजल्यावर चाळीस रोगी, मी सही करायची. चौकशीत मी बोलणार होते, पण आधी घाबरले, आणि मग मावशी गेली, मग बोलून कोणाला काय मिळणार होतं? चौदा महिने उरलेत निवृत्तीला. माझे हात धरून म्हणाली, "तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही गं. आज मागतेय."

तिने खरंच कधी मागितलं नव्हतं.

मी पट्टी नखाने खरवडून काढली. मोरीत टाकून पाणी सोडलं. चिठ्ठीही.

मंगळवार, १८ तारीख

आज जादा नोंद नाही. एकही नाही. कपाटं बंद, खाटा जागेवर. ताईने रात्री माझ्या आवडीची भाजी केली. आम्ही तिघं टीव्ही बघत बसलो. भाऊजी म्हणाले, घर परत घरासारखं वाटतंय.

मला झोप लागली नाही.

बुधवार, १९ तारीख

जादा नोंद. सहाशे बारा नाही. पडद्यावर 'अशी वस्तू नाही' असं आलं. नंबर लांब, आठ आकडी. वायरमामाला दाखवला. तो म्हणाला, हा वस्तूचा नाही, माणसाचा आहे. आपल्या ओळखपत्रावरही बारकोड असतो ना, हजेरीसाठी. त्याने यादीत शोधला.

ताईचा आहे.

खोली तीस, दहा वाजून पाच. सिस्टरांची खोली, अकरा पन्नास. औषधांची कोठी, दोन वीस. ताईला विचारलं. या सगळ्या ठिकाणी ती होती. दरवेळी नोंदीच्या अर्धा तास आधी.

आता मावशी यंत्र शोधत नाही.

गुरुवार, २० तारीख — सकाळी

घरी पहाटे उठून बघितलं तर स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडी. माळ्यावरचे डबे खाली. ताईच्या कपाटातल्या साड्या घडी न मोडता एकेक काढून जमिनीवर ओळीत. नीट. साफसफाईच्या माणसाचा हात.

भाऊजींनी कुलूप तपासलं. जसंच्या तसं होतं. चहा त्यांनी केला, पण कपांत ओतायला विसरले.

ताईला म्हटलं, आज जाऊ नकोस. ती म्हणाली, मजल्यावर चाळीस रोगी आहेत.

२० — दुपारी

नऊ मिनिटं. मग सहा. मी स्कॅनरची बॅटरी काढून टेबलावर ठेवलीय. बॅटरी नसताना टुं वाजतो. पडदा काळा आणि—

तळघरात जाऊन आले. पट्टी नवी लावते, नोंद करते, सगळं सांगते असं ठरवून गेले. मशीन जागेवर नाही. धुळीत चाकांची रेघ दारापर्यंत. पुढे रॅम्पवर, वर.

वर तिसऱ्या मजल्याकडे.

२० — साडेतीन

ताईला खाली माझ्या खोलीत आणलं. दाराला आतून कडी. ती पांढरी पडलीय. म्हणते, खोली एकतीसमध्ये रोग्याची नाडी बघत होते आणि मानेवर कोणीतरी श्वास टाकला, धापा टाकणारा, पळून आलेल्या माणसासारखा.

हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांना फोन केला. चार वाजता येतात. ताई म्हणाली, तोवर लिहून घे, मी सांगते, तू लिही, सही मी करते. वहीत लिहितेय, कागद नाही दुसरा.

*मी, तिसऱ्या मजल्याची मुख्य परिचारिका, लिहून देते की सहाशे बारा नंबरचं यंत्र मी प्रत्यक्ष न पाहता दीड महिना सही केली. यंत्र कोठीत नव्हतं. मावशीने ते हलवलं नव्हतं, विकलं नव्हतं. चौकशीत मला हे माहीत होतं. मी गप्प बसले. तिचा काही*

टुं.

चाकं. कॉरिडॉरच्या टोकाला. खट्. खट्.

ताई म्हणते थांबू नकोस, लिही. *तिचा काही दोष नव्हता. यंत्र मोडीच्या खोलीत सापडल्यावरही मी बहिणीला पट्टी*

बाहेर माणसं आहेत, बोलण्याचे आवाज येताहेत, कोणी ओरडत नाही, कोणालाच दिसत नाही का—

टुं. टुं.

दाराशी थांबलं. धाप ऐकू येते. फार दमलेली.

ताईने सही केली. उठली. मी पदर धरला, तिने सोडवला, लहानपणी सोडवायची तसा, एकेक बोट उचलून. गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. म्हणाली, "मावशी, मी इथे आहे. शोधू नका आता."

कडी काढतेय. मी नको म्हणतेय, ताई नको, आधी साहेबांना येऊ दे, ताई—

दार उघडलं. बाहेर ते यंत्र आणि त्याच्या दांड्यावर दोन हात, फक्त—

मावशी ताईकडे बघत नाहीये. माझ्या नखांकडे बघतेय, पट्टी मी खरव